चुणी धरून ठेवायची कुणी?

चुण्यांचा स्कर्ट ज्यांनी कधी इस्त्री केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. इस्त्री एका हातात असते. दुसऱ्या हाताने एक चुणी दाबून धरावी तर शेजारची सुटते. तिला धरायला जावं तर पहिली तिरकी होते. वर इस्त्री जशी पुढे सरकते तशी ती कापडालाही जरा पुढे ढकलते, त्यामुळे कमरेशी सरळ असलेली चुणी खाली काठापर्यंत पोचताना भलतीकडेच वळलेली असते. मुळात इस्त्रीचं काम सपाट करण्याचं, आणि चुणी म्हणजे मुद्दाम ठेवलेली सुरकुती. एक सुरकुती मोडायची, तिच्या शेजारची मात्र जपायची, आणि दोघींवरून फिरणारं अवजार एकच! माझ्या शाळेच्या स्कर्टला चांगल्या बोटभर रुंदीच्या बॉक्स प्लीट्स होत्या. आई इस्त्रीच्या आधी प्रत्येक चुणीवर खालच्या काठाशी कच्चा टाका घालायची, इस्त्री झाली की दोरा ओढून काढायची. इस्त्रीला पाच मिनिटं आणि टाक्यांना वीस.

तो कच्चा टाका म्हणजे आईचा तिसरा हात. हा तिसरा हात माणसाने कशाकशाचा बनवला त्याचा इतिहास फार मजेशीर निघाला, म्हणून आजचा लेख त्यावर. विषय क्षुल्लक वाटेल. पण यात एका देशाच्या भाकरीचा प्रश्न आहे, तीन हजार बायकांचा संप आहे आणि थोडं रसायनशास्त्रही आहे. मंडळी, धीर धरा.

आधी रसायनशास्त्र उरकून घेऊ. सुती आणि लिननचं कापड म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध एकेकटे कमकुवत, पण संख्येने प्रचंड. पाणी मध्ये शिरलं की ते सुटतात आणि साखळ्या थोड्या सरकायला मोकळ्या होतात. उष्णतेने पाणी उडून गेलं की बंध पुन्हा जुळतात, आणि त्या क्षणी कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात जुळतात. झालं. इस्त्रीचं सगळं गणित एवढंच. ओलावा, उष्णता, आणि त्या दोन्हींच्या मधल्या वेळात कापड हवं तसं धरून ठेवणारं काहीतरी. सपाट कापडाला इस्त्रीचं वजनच धरून ठेवतं. चुणीला मात्र वेगळं कुणीतरी लागतं.

आणि यातली मेख अशी की पुढच्या वेळी कापड धुतलं की सगळे बंध पुन्हा सुटतात. आमच्या भाषेत सांगायचं तर चुणी रॅममध्ये असते, डिस्कवर नाही. धुलाई म्हणजे रीस्टार्ट. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आजच्या लेखातली सगळी माणसं याच एका गोष्टीशी झगडताना दिसतील.

सर्वांत जुना पुरावा इजिप्तचा. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने 1913 साली कैरोच्या दक्षिणेला तारखान इथे उत्खनन केलं आणि तिथून लिननच्या चिंध्यांचा एक मळका गठ्ठा आणला. तो तसाच पडून राहिला. 1977 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्वच्छ करायला उघडला तेव्हा त्यातून चक्क एक शिवलेला अंगरखा निघाला. रेडिओकार्बन तपासणीत त्याचा काळ इ.स.पू. 3482 ते 3102 यांच्या मधला आला. म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीचा! विणलेल्या कापडाचा, शिवलेला असा याहून जुना कपडा सापडलेला नाही. आणि त्याच्या बाह्यांवर आणि खांद्याच्या भागावर बारीक, एकसारख्या चुण्या आहेत. कोपरापाशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्याही आहेत, म्हणजे कुणीतरी तो खरोखर अंगात घालत होतं. मुद्दाम घातलेल्या सुरकुत्या आणि आपोआप पडलेल्या सुरकुत्या, पाच हजार वर्षं शेजारी शेजारी.

त्या चुण्या कशा धरल्या असतील? फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात इजिप्तमधली एक लाकडी फळी आहे, तिच्यावर ओळीने खाचा कोरलेल्या आहेत. ओलं कापड त्या खाचांमध्ये दाबून वाळवत असावेत असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. नुसत्या हातानेही करत असतील. इस्त्रीची उष्णता नाही, उन्हाची. वेळ अर्थातच भरपूर लागणार, पण वेळ देणारे हात अंगरखा घालणाऱ्याचे स्वतःचे असतील असं काही वाटत नाही.

आता एकदम सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये येऊ, कारण चुणीचं वेड जर कुठे शिगेला पोचलं असेल तर तिथे. शेक्सपिअरच्या काळातली चित्रं आठवा. मानेभोवती पांढऱ्या चुण्यांचं भलंमोठं चाक, त्याच्या मधोमध ताटात वाढल्यासारखं डोकं. याला रफ म्हणायचे. कित्येक मीटर बारीक लिनन गळपट्टीवर दाटीवाटीने चुणून शिवायचं आणि मग त्या चुण्यांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखे गोल, एकसारखे आकार द्यायचे. शिवण फक्त मानेकडची बाजू धरते. बाहेरची बाजू हवेत उभी कशी राहणार?

इथे खळ आली. कपड्यांना खळ देण्याची विद्या इंग्लंडमध्ये नीट माहीत नव्हती, ती नेदरलँड्सकडच्या बायकांना यायची. एलिझाबेथ राणीने आपल्या डच कोचमनच्या बायकोला खळ करण्यासाठी नेमल्याची नोंद जॉन स्टो याच्या बखरीत सापडते. आणि 1564 साली डिंघेन व्हान डर प्लासे नावाची एक फ्लेमिश बाई नवऱ्याबरोबर लंडनला आली. स्वदेशातल्या धामधुमीतून जीव वाचवून आलेली ही बाई. तिने लंडनमध्ये खळ शिकवण्याचा क्लास काढला! फी चार ते पाच पौंड. शिवाय खळ शिजवायची कृती हवी असेल तर वर वीस शिलिंग वेगळे. त्या काळी मोलकरणीला वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन पौंड मिळत, त्यावरून हिशोब करा. कोर्स वेगळा, सर्टिफिकेशन वेगळं, हे आपल्या आयटीवाल्यांनी शोधलं असं मी आजवर समजत होते. मोठ्या घरच्या बायका आपल्या लेकीबाळींना तिच्याकडे धाडत. निर्वासित म्हणून आलेल्या बाईने हातातल्या कलेवर मिळवलेलं हे उत्पन्न वाचून मला भारी वाटलं.

खळ लावली, पण आकार? त्यासाठी ‘पोकिंग स्टिक’ म्हणून कांड्या असत. आधी लाकडाच्या किंवा हाडाच्या. ओल्या, खळ दिलेल्या झालरीच्या प्रत्येक चुणीत कांडी घालायची, चुणी गोल फुगवायची, टाचणीने शेजारणीला जोडायची, पुढे जायचं. 1574च्या सुमारास पोलादी कांड्या निघाल्या. पोलाद तापवता येतं. म्हणजे धरणं आणि उष्णता ही दोन कामं एकाच अवजाराने करायची सोय झाली. तांत्रिकदृष्ट्या या साऱ्या गोष्टीतली ही मोठी उडी आहे, पण तिच्यामागे कुणाचं नाव नाही.

आणि हे सगळं कुठवर टिकायचं? पाऊस येईपर्यंत. इंग्लंडमध्ये! फिलिप स्टब्ज नावाच्या कडक नीतिवाद्याने 1583 साली छापलेल्या पुस्तकात या झालरींवर आणि खळीवर तोंडसुख घेतलंय. वाऱ्यापावसात हे चाक कसं लुळं पडतं त्याचंही त्याने चवीने वर्णन केलंय. स्टब्जचा सूर आपल्याकडच्या ‘काय ही हल्लीची फॅशन’वाल्या काकांसारखाच आहे, त्यामुळे तो वाचताना हसू येतं. पण एका मुद्द्यावर हसता येत नाही. खळ बनायची गव्हापासून. 1590च्या दशकात इंग्लंडमध्ये लागोपाठ काही वर्षं पीक बुडालं, धान्याचे भाव कडाडले, आणि खाण्याचं धान्य खळीत घालवण्यावर सरकारला निर्बंध आणावे लागले. एकाच्या मानेवरची झालर उभी राहावी म्हणून दुसऱ्याच्या ताटातला गहू. हा हिशोब तेव्हाच्या लोकांना दिसत होता, आणि तरीही झालरी लहान झाल्या नाहीत.

रफ पुढे सतराव्या शतकात मागे पडला. चुण्या मात्र टोप्यांवर, बाह्यांच्या टोकांना, उशांच्या अभ्र्यांना, पेटीकोटांना जाऊन बसल्या, आणि त्याबरोबर हे काम राजवाड्यातून मध्यमवर्गीय घरात शिरलं. अवजारंही मग घरगुती झाली. त्यातली दोन मला फार आवडली.

पहिलं म्हणजे ‘इटालियन आयर्न’. एका उभ्या दांड्यावर बोटाच्या आकाराची आडवी पोकळ नळी, एका टोकाला बंद. विस्तवात लाल केलेला लोखंडी गज त्या नळीत सरकवायचा, नळी तापते, आणि ओलसर झालर दोन्ही हातांनी ताणून तिच्यावरून ओढायची. इथे इस्त्री स्थिर आणि कापड फिरतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे! इंग्लंडमधल्या मोलकरणींनी ‘इटालियन’चा उच्चार झिजवून झिजवून ‘टॅली’ केला आणि अवजाराचं नावच टॅली आयर्न पडलं. (आपल्या ‘इस्त्री’चंही असंच. तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘एस्तिरार’, म्हणजे ताणणे, यावरून आला असं सांगतात.) याच्याच जातीचे चिमटेही असत, दोन गोल पात्यांचे, केस कुरळे करायच्या चिमट्यासारखे. आता गंमत बघा, आपल्याकडे लग्नाच्या सीझनमध्ये साडी नेसवून देणाऱ्या मुली आदल्या दिवशीच निऱ्या घालून, चाप लावून, केस सरळ करायच्या मशीनने त्या दाबून ठेवतात. त्यांनी हे व्हिक्टोरियन अवजार पाहिलेलंही नसणार. पण गरज तीच, म्हणून उत्तरही तेच.

दुसरं अवजार खास आजच्या विषयाचं. त्याला इंग्रजीत गॉफरिंग स्टॅक म्हणतात. ‘गॉफर’ हा शब्द फ्रेंचमधल्या मधाच्या पोळ्यासाठीच्या शब्दावरून आला. एका लाकडी बैठकीवर दोन उभे खांब. त्यांच्यामध्ये एकावर एक बसणाऱ्या, गुळगुळीत, पातळ लाकडी कांड्या. ओली, खळ दिलेली झालर पहिल्या कांडीवरून न्यायची, वर दुसरी कांडी ठेवायची, तिच्यावरून झालर उलटी फिरवायची, मग तिसरी. थेट पत्त्याच्या कॅटसारखी चळत. सगळी भरली की वरून आडवा दांडा ठोकून पाचर मारायची आणि ती चौकट चुलीजवळ ठेवून द्यायची. खळ वाळली की कांड्या एकेक करून ओढून काढायच्या. खाली राहते ती अगदी एकसारख्या लाटांची झालर. इथे इस्त्री नाहीच. चुणीला धरून ठेवायचं काम लाकडाने करायचं आणि उष्णतेचं काम चुलीने. तोवर बाई दुसऱ्या कामाला मोकळी.

हे वाचताना माझ्यातली इंजिनीअर जागी झाली हे कबूल करते. टॅली आयर्न म्हणजे एकामागून एक प्रक्रिया, सतत लक्ष हवं. स्टॅक म्हणजे बॅच प्रोसेसिंग, संध्याकाळी लावा, सकाळी काढा. एकाच काळात, एकाच गावात दोन्ही वापरात होती, कारण कुणाकडे वेळ कमी होता आणि कुणाकडे झालरी जास्त होत्या. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात तर पारंपरिक टोप्या आणि गळपट्ट्यांसाठी लाकडाच्या कांड्यांऐवजी गवताच्या काड्या वापरायची पद्धत होती. फुकटचं साहित्य, मोडलं तर दुसरं.

मग अमेरिकेने यात यंत्र आणलं. 1866 साली इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा या गावात ‘जिनिव्हा हँड फ्लूटर’ नावाचं एक अवजार निघालं. खाली बिडाची पन्हळी पाटी, वर तशाच पन्हळांचा, झोपाळ्याच्या पायासारखा वाकडा ठोकळा. पाटी शेगडीवर तापवायची, तिच्यावर ओलसर कापड ठेवायचं आणि ठोकळा पुढेमागे झुलवायचा. वरचे दात खालच्या खाचांत बसतात आणि मधलं कापड निमूटपणे पन्हळी पत्र्यासारखं होतं. पाटीवर ओतीव अक्षरांत लिहिलेलं असायचं की हा भाग तापवा. युजर मॅन्युअल यंत्रावरच! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सुझन नॉक्स या बाईंनी कळ फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यात दोन पन्हळी रूळ एकमेकांवर, उसाच्या चरकासारखे. रूळ आतून पोकळ, त्यात तापलेल्या लोखंडी कांड्या सरकवायच्या, आणि कळ फिरवली की एका बाजूने साधी झालर आत, दुसऱ्या बाजूने चुण्यांची बाहेर. यात धरणं, दाबणं, तापवणं तिन्ही कामं एकाच वेळी होतात. तिसरा हात अखेर मिळाला होता.

आता एवढं सोपं झाल्यावर बायकांचं काम कमी झालं असेल ना? इथे मला थांबून थोडं लांबट लिहावंसं वाटतं, कारण या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट हीच आहे.

त्याच सुमाराला शिलाई मशीन घराघरांत पोचलं होतं. झालर शिवणं सोपं झालं, झालरीला चुण्या घालणं सोपं झालं. 1870च्या दशकातले अमेरिकन आणि इंग्लिश झगे पाहा. आधी एखाददुसरी झालर असायची तिथे आता थरावर थर. एकेक झालर करायला कमी वेळ लागतो म्हणून झालरीच वाढल्या. (सर्व्हरची मेमरी दुप्पट केल्यावर काय होतं हे आपण सगळे जाणतोच.) रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हाच मुद्दा घरातल्या साऱ्या यंत्रांबद्दल मांडला. चूल, धुलाई, सफाई, प्रत्येक ठिकाणी यंत्र आलं की अपेक्षा वाढली आणि घरातल्या बाईचे तास तेवढेच राहिले.

पण घरातल्या बाईच्याही मागे आणखी एक बाई होती. जिला परवडायचं ती धुणं आणि इस्त्री दुसरीकडून करून घ्यायची. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत यादवी युद्धानंतर हे काम जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीय बायकांकडे होतं, ज्यांतल्या अनेक जणी काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होत्या. सोमवारी गाठोडी गोळा करायची, पाणी वाहून आणायचं, उकळायचं, घासायचं, खळ द्यायची, शेगडीवर तापवलेल्या जड लोखंडी इस्त्र्या फिरवायच्या, शनिवारी घड्या पोचवायच्या. महिन्याची कमाई चार ते आठ डॉलर. जॉर्जिया राज्यात उन्हाळा कसा असतो ते तिथे ऑनसाइट गेलेल्या मित्रमंडळींना विचारा, आणि त्यात दिवसभर शेगडीशेजारी उभं राहायचं.

जुलै 1881मध्ये अटलांटा शहरात अशा वीसेक जणी एकत्र आल्या. त्यांनी ‘वॉशिंग सोसायटी’ काढली आणि ठरवलं की बारा पौंड कपड्यांना एक डॉलर हा एकच दर, त्याखाली काम नाही. मग संप केला. घरोघरी जाऊन, चर्चमध्ये सभा घेऊन तीन आठवड्यांत त्या वीसच्या तीन हजार झाल्या. ना फोन, ना मेल! पोलिसांनी काही जणींना पकडलं, दंड केले. नगरपालिकेत ठराव आला की धुणं धुणाऱ्या संघटनेच्या प्रत्येक बाईने वर्षाला पंचवीस डॉलर परवाना शुल्क भरावं, म्हणजे तीन ते सहा महिन्यांची कमाई. यावर या बायकांनी महापौरांना पत्र लिहिलं. फी भरायला आम्ही तयार आहोत, पण मग शहरातल्या धुलाईचा ताबा आमच्याकडे राहील, असा त्याचा आशय. शेवटी नगरपालिकेने तो शुल्काचा विचार सोडून दिला. दर नेमके किती वाढले याचा हिशोब मांडणं अवघड आहे, पण शहराला या बायकांची गणती करावी लागली एवढं खरं.

झालरींचे झगे घालून काढलेले त्या काळातले फोटो आता मला वेगळे दिसतात. प्रत्येक थर म्हणजे कुणाच्यातरी मनगटाचा अर्धा तास.

याच समाजातल्या एका बाईचं नाव पेटंटच्या इतिहासात सापडतं. सारा बून. जन्म 1832, नॉर्थ कॅरोलायना. पुढे कुटुंबासह कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनला आली आणि शिवणकामावर पोट भरू लागली. त्या काळी इस्त्रीसाठी दोन खुर्च्यांवर एक फळी टाकत. बाही इस्त्री करायला गेलं की फळीच्या कडेवरून नवी घडी पडायची. साराने बाहीच्या आत जाईल अशी अरुंद, बाकदार, गादी लावलेली आणि उलटसुलट फिरवता येणारी फळी बनवली. 26 एप्रिल 1892 रोजी तिला पेटंट मिळालं. कृष्णवर्णीय बायकांना मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी हे एक. तिची अडचण आपल्या विषयाच्या बरोबर उलटी आहे म्हणा ना, नको असलेली चुणी पडू नये म्हणून कापड धरायचं. पण तिने इस्त्रीला हात लावला नाही, फळी बदलली, आणि हे तिला सुचलं कारण ती रोज त्या फळीशी उभी राहत होती.

विसाव्या शतकात विजेची इस्त्री आली आणि चुण्या धरणारी सुटी अवजारं हळूहळू अडगळीत गेली. त्यांच्याऐवजी इस्त्रीच्या टेबलावर बसवायचे चाप, स्कर्टच्या चुण्या अडकवायच्या पट्ट्या, असले प्रकार निघाले, त्यांचीही पेटंटं झाली. कुणाच्या घरी ती वापरात असलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. टाचण्या, कच्चा टाका आणि गादीखाली रात्रभर ठेवणं, या तीन उपायांपुढे ती टिकणं कठीणच होतं. पुरुषांच्या पँटच्या एकुलत्या एक क्रीझसाठी मात्र खास ट्राउझर प्रेस निघाला आणि ब्रिटनमधल्या हॉटेलांच्या खोल्यांत जाऊन बसला. एका चुणीसाठी एक अख्खं यंत्र! असो.

चुणी रॅममधून डिस्कवर नेण्याचे प्रयत्न मात्र जोरात चालू होते. व्हेनिसमध्ये राहणाऱ्या मारियानो फॉर्च्युनी या स्पॅनिश कलावंताच्या कारखान्यातून 1907च्या सुमारास ‘डेल्फॉस’ नावाचा रेशमी झगा बाहेर पडला. वरपासून खालपर्यंत अतिशय बारीक चुण्या, अंगावर पाण्यासारख्या ओघळणाऱ्या. चुण्या घालण्याच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1909 साली पॅरिसमध्ये घेतलं. पण त्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने नोंद करून ठेवली की याची खरी शोधक हेन्रिएट आहे, घाईमुळे अर्ज माझ्या नावाने केला. हेन्रिएट म्हणजे त्याची सहचारिणी, पुढे पत्नी. प्रत्यक्ष कृती त्यांनी गुपितच ठेवली. झगा ठेवायचा तो पीळ घालून, दोरीच्या लडीसारखा गुंडाळून, एका गोल डब्यात. आणि भिजला तर? तर कारखान्यात परत पाठवायचा, तिथे पुन्हा चुण्या घालून मिळायच्या. म्हणजे श्रीमंत गिऱ्हाईकासाठी रीस्टार्टचं काम व्हेनिसमधले हात करत होते.

पाण्याला खरं उत्तर दिलं ते रसायनशास्त्रज्ञांनी. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांचाच पदार्थ. त्यात गंधकाचे पक्के बंध असतात, ते नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. 1957 साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत आर्थर फार्नवर्थ यांनी ‘सिरोसेट’ ही पद्धत शोधली. केसांना पर्म करताना वापरतात त्या जातीचं रसायन लोकरीच्या कापडावर फवारायचं, चुणी घालून वाफेच्या प्रेसखाली धरायचं. गंधकाचे बंध सुटतात आणि चुणीच्या आकारात पुन्हा जुळतात. लोकरीच्या चुण्या धुण्यापावसाला दाद देईनाशा झाल्या.

आणि पॉलिएस्टर. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेलं, टेरिलीन नावाने खपलेलं. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात अजूनही असलेलं टेरिकॉट हे त्याचंच सुताबरोबरचं लग्न. पॉलिएस्टरमध्ये पाणी फारसं शिरतच नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे त्याच्या साखळ्या हलू लागतात, पण आकार पक्का बसवायचा तर त्याहून बरंच तापवावं लागतं. कारखान्यात एकदा तसं तापवून चुणी धरली आणि थंड केली की ती घरच्या धुण्यात हलत नाही. जपानच्या इस्सी मियाके यांनी 1993 साली सुरू केलेल्या ‘प्लीट्स प्लीज’मध्ये क्रमच उलटा केला. आधी कपडा अडीच-तीन पट मोठा शिवायचा, मग कागदाच्या दोन थरांत घालून अख्खाच्या अख्खा गरम प्रेसमधून काढायचा. बाहेर येतो तो अंगाच्या मापाचा, कायमच्या चुण्यांचा. इथे तिसरा हात म्हणजे कागद, आणि त्याचं काम जन्मात एकदाच. अशा कपड्यांना नंतर इस्त्री करूच नका असं सांगतात, कारण तापलेली इस्त्री त्या चुण्या मोडू शकते.

त्या एलिझाबेथच्या काळातल्या चाकाचं मात्र पुरतं विसर्जन झालेलं नाही. डेन्मार्कच्या लुथरन चर्चमधले धर्मोपदेशक, बायका आणि पुरुष दोघेही, काळ्या झग्यावर तो पांढरा रफ आजही घालतात. मळला की तो धुवायला टाकावा लागतो. चुण्या सपाट होतात, खळ निघून जाते आणि मानेचं चाक एक लांबच लांब ओलं फडकं होऊन बसतं. मग हे काम जाणणाऱ्या मोजक्या माणसांपैकी कुणीतरी त्याला खळ देतं, आणि तापलेल्या लोखंडावर त्याची एकेक चुणी पुन्हा गोल करत जातं.